परसातील जपानी लाव्यांमध्ये नर जास्त झाले आहेत, त्यांचे काय करावे?

प्रश्न : कुळागर_डिचोली

सप्रेम नमस्कार.

गोव्यात डिचोली तालुक्यातील एका वाड्यावर आमचे घर आहे. घरामागे कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला चिऱ्यांच्या अर्ध्या भिंतीवर जाळी मारून केलेल्या छपरात मी अंड्यांसाठी जपानी लावे पाळते. यंदा लहान इन्क्युबेटरमध्ये अंडी ठेवून घरीच पिल्ले काढली. ती आता सहा आठवड्यांची झाली असून चोवीस पक्ष्यांपैकी तेरा नर निघाले आहेत, असे छातीवरच्या तांबूस पिसांवरून दिसते. नऊ माद्या निश्चित ओळखता येतात. उरलेले दोन पक्षी पूर्ण पांढरे असल्यामुळे त्यांच्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही.

गेल्या काही दिवसांत नर माद्यांच्या मागे सतत लागतात, त्यांच्या डोक्यावरची आणि पाठीवरची पिसे उपटली गेली आहेत, आणि एका मादीच्या डोळ्याजवळ जखमही झाली आहे. नर एकमेकांच्या डोक्यावरही टोची मारतात. त्यातच पहाट व्हायच्या आधीपासून त्यांचे ओरडणे सुरू होते. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ आजारी आहेत. त्यांच्या घरच्यांनी अद्याप काही म्हटलेले नाही, पण त्यांना त्रास होत असणार याची मला जाणीव आहे.

घरात यावर एकमत नाही. यजमानांच्या मते जास्तीचे नर कापून खावेत. सासूबाई मांसाहार करतात, तरी हाताने दाणा घालून वाढवलेली पाखरे आपल्याच अंगणात कापायला त्यांचे मन तयार होत नाही, आणि ती शेताकडे सोडून द्यावीत असे त्या म्हणतात. दिरांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकण्याचे सुचवले आहे. आषाढ सरत आला आहे. श्रावण लागला की चवथ होईपर्यंत आमच्या घरी मासळी किंवा मांस शिजत नाही, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

नऊ-दहा माद्यांमागे किती नर ठेवावेत, उरलेले नर एकत्र जगू शकतात का, त्यांना रानात सोडणे योग्य आहे का, कापायचेच झाले तर पक्ष्याला कमीत कमी यातना व्हाव्यात यासाठी काय करावे, आणि पुढच्या खेपेस नर कमी निघावेत यासाठी काही उपाय आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : सत्तरीचा_शेतकरी

ताई, बाकीच्या सगळ्या प्रश्नांचा विचार सावकाश करता येईल, परंतु नर आणि माद्या आजच्या आज वेगळ्या कराव्यात. लाव्याचा नर सहाव्या-सातव्या आठवड्यात वयात येतो आणि त्यानंतर दर चार माद्यांमागे एकापेक्षा अधिक नर असले, तर माद्यांची जी अवस्था आपण लिहिली आहे ती ठरलेलीच असते. नर मादीच्या डोक्यावरची पिसे चोचीत धरून तिच्यावर चढतो. एका मादीवर दिवसभर अनेक नरांची पाळी आली की तेथील कातडी सोलवटते, आणि एकदा रक्त दिसले की इतर पक्षीही तेथेच टोचू लागतात. डोळ्याजवळ जखम झालेल्या मादीला तर इतर माद्यांतही ठेवू नये. तिला स्वतंत्र खोक्यात, पण बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी ठेवावे.

पांढऱ्या पक्ष्यांची ओळख पिसांवरून होत नाही. पक्षी हातात उलटा धरून गुदद्वाराच्या वरचा भाग पाहावा. नराला तेथे गोलसर, लालसर फुगवटा असतो आणि तो हलकेच दाबल्यास साबणासारखा पांढरा फेस बाहेर येतो. मादीला असा फुगवटा नसतो. सहा आठवड्यांच्या पक्ष्यात ही खूण बहुधा स्पष्ट दिसते. एखाद्यात दिसली नाही तर आठवडाभर थांबून पुन्हा पाहावे.

आता किती नर ठेवावेत याविषयी. आपणास केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील, तर एकाही नराची गरज नाही, कारण मादी नराशिवायही अंडी घालतेच. अनेक घरांत हे लक्षातच घेतले जात नाही आणि "कळपात नर हवाच" या समजुतीने विनाकारण मारामाऱ्या पोसल्या जातात. पुढे पिल्ले काढायची असतील तर नऊ-दहा माद्यांसाठी दोन नर पुरतात, आणि एखादा आजारी पडल्यास हाताशी असावा म्हणून तिसरा. त्या दोघांना मात्र एकाच छपरात मोकळे सोडू नये. छपराचे दोन कप्पे करून प्रत्येकात एक नर व चार-पाच माद्या ठेवल्यास कोणता नर शांत आहे आणि कोणत्या कप्प्यातील अंडी फलित निघतात हेही समजते. नर निवडताना सर्वांत आक्रमक पक्षी "जोमदार" म्हणून ठेवण्याचा मोह टाळावा. पाय सरळ असलेला, अंगाने भरलेला आणि माद्यांना न फाडणारा नर ठेवावा.

उरलेल्या नरांना एकत्र ठेवणे शक्य असते, पण त्याला अटी आहेत. सगळे एकाच वेळी जन्मलेले आणि एकत्र वाढलेले असावेत. एकदा गट ठरला की त्यात बाहेरून नवा नर घालू नये, आणि काढलेला नर काही दिवसांनी परत सोडू नये, कारण परत आलेल्या पक्ष्याला ते परका मानून मारतात. माद्या त्यांच्या दृष्टीस पडू नयेत, शक्यतो त्यांचा आवाजही कानी पडू नये. प्रत्येक पक्ष्याला किमान एक चौरस फूट जागा द्यावी आणि मधे माडाच्या झावळ्यांचे तुकडे किंवा फांद्या आडव्या-उभ्या ठेवून मार खाणाऱ्याला लपायला आडोसा करावा. घाबरलेला लावा सरळ वर उडी मारतो आणि डोके आपटून घेतो, म्हणून छत एक फुटाच्या आत ठेवून त्याला आतून मऊ जाळी लावावी किंवा ते माणूसभर उंच तरी असावे. मधली उंची घातक ठरते. एवढे करूनही एखादा नर इतरांना रक्तबंबाळ करीत असेल, तर त्याला त्या गटात ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा.

चोची कापण्याचा सल्ला आपणास कोणी ना कोणी देईल. परसातील दोन डझन पक्ष्यांसाठी मला तो मान्य नाही. गर्दी आणि नरांची संख्या कमी केली की त्याची गरज राहत नाही.

उत्तर : पशुवैद्य_फोंडा

रानात सोडण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे "नाही" असे आहे, आणि सासूबाईंच्या मनातील दयेचा पूर्ण आदर राखून त्याची कारणे सांगतो. हा पक्षी आपल्या रानातला नाही. जपानी लावा भारतात १९७४ मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला आहे, इतका की त्याच्या माद्या बहुधा अंड्यांवर बसतही नाहीत, आणि म्हणूनच आपणास इन्क्युबेटर लागतो. तयार खाद्यावर वाढलेला असा पक्षी पावसाळ्यात शेताच्या बांधावर सोडला, तर मुंगूस, कांडेचोर, धामण किंवा भटकी मांजरे त्याला फार काळ जगू देत नाहीत. त्यांच्यापासून वाचलेला भुकेने मरतो. सोडून देण्यात पक्ष्याचे मरण टळत नाही, ते फक्त आपल्या नजरेआड होते.

दुसरे कारण रानातल्या लाव्यांचे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात ओरडणारा पर्जन्यलावा आणि हिवाळ्यात स्थलांतर करून येणारा लावा हे दोन्ही याच कुळातले आहेत. युरोपात सोडलेल्या जपानी लाव्यांचा तेथील रानलाव्यांशी संकर झाल्याचे आढळले आहे. पाळीव पक्ष्यांतील रोग रानात जाण्याची शक्यता वेगळीच. रानातील लाव्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्यामुळे त्यांना पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. म्हणून आपल्याकडील पक्षी हे पैदाशीतले जपानी लावे आहेत हे दाखवण्यासाठी अंडी किंवा पिल्ले ज्यांच्याकडून घेतली त्यांची पावती जपून ठेवावी.

बाजारात विकण्याविषयी एवढेच सांगेन की पिंजऱ्यात दाटीने भरून, पावसात दुचाकीवर बांधून नेलेल्या पक्ष्यांचे हाल होतात, आणि न विकले गेलेले पक्षी घरी परत आणले तर त्यांच्याबरोबर दुसऱ्यांच्या कोंबड्यांचे आजारही येतात. विकायचेच असतील तर ओळखीच्या पाळणाऱ्याला थेट द्यावेत. बाहेरून आलेला कोणताही पक्षी, मग तो अदलाबदलीत मिळालेला नर का असेना, तीन ते चार आठवडे वेगळा ठेवून त्याची विष्ठा, भूक व श्वास यांवर लक्ष ठेवल्याशिवाय कळपात घेऊ नये. घरी गावठी कोंबड्या असतील तर त्या व लावे एकाच जमिनीवर फिरू देऊ नयेत. कोंबड्यांच्या अंगात लपून राहणारे काही रोग लाव्यांना फार जड जातात, आणि आतड्यांना व्रण पडणारा एक जिवाणूजन्य आजार तर लाव्यांच्या कळपात पाहता पाहता पसरतो.

जखमी मादीसाठी : कोमट मिठाच्या पाण्याने जखमेभोवतीचा भाग हलक्या हाताने पुसावा. डोक्यावरील व मानेवरील जखमांना पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावता येईल, परंतु ते डोळ्यात जाऊ देऊ नये. डोळा सुजला असेल, त्यातून पू येत असेल किंवा ती दाणा टिपू शकत नसेल, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसून किडे पडायला वेळ लागत नाही, म्हणून तिचे खोके जाळीने झाकलेले आणि तळाचे भाताचे तूस कोरडे असावे. तूस ओले झाले की त्याच दिवशी बदलावे. हीच काळजी खाद्याचीही घ्यावी, कारण दमट हवेत पोत्यातील मक्याला बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष यकृतावर परिणाम करते.

उत्तर : पेडण्याची_वाचक

कापण्याविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते. ते नीट जमले नाही तर पक्षी तडफडतो, आणि पाळणाऱ्याला ते दृश्य सहन होत नाही. त्यामुळे ज्याला खात्री नसेल त्याने प्रथम जाणत्या माणसाजवळ उभे राहून शिकावे, एकट्याने प्रयोग करू नये.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याची गरज नाही. चार-पाच तास आधी दाणा काढून घ्यावा, पाणी मात्र राहू द्यावे. काम पहाटे किंवा संध्याकाळी अंधूक उजेडात करावे, कारण अंधारात लावा शांत राहतो. एका वेळी एकच पक्षी, पंख अंगाशी दबून राहतील अशा रीतीने फडक्यात गुंडाळून, इतरांच्या नजरेआड न्यावा. पक्षी इतका लहान असतो की त्याला सुरीपेक्षा मोठी, ताजी धार लावलेली कात्री किंवा झाडे छाटण्याची कात्री योग्य ठरते. डोक्याच्या लगत मानेवर ती ठेवून एकाच दाबात मान पूर्ण वेगळी व्हावी. त्यानंतरही काही क्षण पंखांची फडफड होते, ती स्नायूंची हालचाल असते, त्या वेळी पक्ष्याला वेदना होत नसतात. पिसे उपटण्याची आवश्यकता नाही, कारण लाव्याची कातडी पातळ असल्यामुळे पिसांसकट अंगरख्यासारखी ओढून काढता येते. आतडी काढून, धुऊन, मांस निदान एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावे आणि मगच शिजवावे किंवा फ्रीजरमध्ये टाकावे. लगेच शिजवल्यास ते चिवट लागते.

खर्चाचा हिशोबही मांडून पाहावा. मोठा लावा दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे दहा नरांना महिन्याला साडेसात किलो. सात आठवड्यांनंतर नराच्या वजनात फारशी भर पडत नाही. दीड-पावणेदोनशे ग्रॅमच्या नराचे साफ केलेले मांस शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरते. दहा नरांची घरच्या सगळ्यांना पुरेल एवढी शागोती होते. श्रावणापूर्वी शक्य नसेल तर मांस फ्रीजरमध्ये चवथीपर्यंत चांगले राहते, फक्त पावसात वीज तासन्‌तास जाते अशा गावात त्यावर विसंबू नये.

सासूबाईंविषयी माझे मत असे आहे की त्यांना घाई करून मनवू नये. त्यांच्या अंगणात हे काम न करता जाणत्या शेजाऱ्याकडे नेऊन करावे आणि त्यांच्या ताटात वाढण्याआधी ते घरचे आहे हे सांगावे. खायचे की नाही ते त्या ठरवतील.

उत्तर : अंडी_आणि_उजेड

शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो. पिल्लू नर होणार की मादी हे अंडे घातले जाण्यापूर्वीच, मादीकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरलेले असते. टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी, किंवा इन्क्युबेटरचे तापमान थोडे कमी ठेवल्यास माद्या अधिक, या समजुतींत तथ्य नाही. तापमान बदलल्याने फक्त पिल्ले मरतात. चोवीस पिल्लांत तेरा नर हे प्रमाण अगदी स्वाभाविक आहे. म्हणून अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधीच हिशोब करावा की जितक्या माद्या हव्यात तितकेच नर जन्माला येणार आहेत, आणि सतरा-अठरा दिवसांनी पिल्ले बाहेर आल्यानंतर पाच-सहा आठवड्यांच्या आत त्या नरांची सोय लावायची आहे. ही सोय घरात कोणालाच मान्य नसेल, तर पिल्ले काढू नयेत. तीन-चार आठवड्यांच्या, छातीवर काळे ठिपके स्पष्ट दिसू लागलेल्या माद्या थेट विकत घ्याव्यात.

सत्तरीच्या शेतकऱ्यांनी सांगितलेल्या नरांच्या वेगळ्या छपराविषयी एक महत्त्वाची भर घालायची आहे, ती उजेडाची. लाव्यांची लैंगिक वाढ आणि तिच्याबरोबर येणारा आक्रमकपणा व ओरडणे ही सर्व दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतात. माद्यांनी रोज अंडे घालावे म्हणून आपण संध्याकाळी दिवा लावून त्यांना चौदा ते सोळा तासांचा उजेड देतो, आणि तोच दिवा नरांवर पडला तर त्यांनाही तितकाच चेतवतो. नरांना आठ तासांच्या आसपास उजेड मिळाला, तर काही आठवड्यांत त्यांचे वृषण आक्रसतात, ओरडणे घटते आणि मारामाऱ्याही बऱ्याच कमी होतात. गोव्यात डिसेंबरातला दिवसही अकरा तासांहून थोडा मोठा आणि जूनमधला तेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे नुसत्या नैसर्गिक उजेडावर हा परिणाम पुरता मिळत नाही. जाड काळे कापड संध्याकाळी लवकर सोडून सकाळी उशिरा उचलावे लागते, आणि ते करताना हवा खेळती राहील याची दक्षता घ्यावी लागते, कारण आपल्या पावसाळ्यात कोंडलेल्या दमट जागेत श्वासाचे विकार होतात. शेजारच्या आजारी गृहस्थांच्या दृष्टीनेही हा उपाय तातडीने करावा असे मला वाटते. व्हरांड्यातील किंवा रस्त्यावरील दिव्याचा उजेड छपरात येत असेल तर प्रथम तो अडवावा, कारण अनेकदा रात्रीच्या ओरडण्याचे मूळ तेथेच असते.

पुढच्या वर्षासाठी याच पिल्लांतील भाऊ-बहिणींची जोडी लावू नये. जपानी लाव्यांत जवळच्या नात्यातील संकराने अंड्यांची फलनक्षमता व पिल्ले निघण्याचे प्रमाण फार लवकर घसरते. दुसऱ्या पाळणाऱ्याशी एक-दोन नरांची अदलाबदल हा जास्तीच्या नरांचा खरोखर उपयोगी मार्ग आहे. मग नर वर्षभर माद्यांत ठेवायचीही गरज नाही. पिल्ले काढायची असतील त्याच काळात एक नर व चार माद्या, सर्वांना नवीन अशा स्वच्छ पिंजऱ्यात एकाच वेळी सोडाव्यात, आणि चार-पाच दिवसांनंतरची अंडी इन्क्युबेटरसाठी गोळा करावीत.

कुळागर_डिचोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, देव बरे करो. काल संध्याकाळीच नर बाजूला काढले. पांढऱ्यांपैकी एकाला फेस आला, म्हणजे नर चौदा झाले. जखमी मादीचा डोळा उघडा आहे आणि ती दाणा टिपते आहे. छपरावर पडणारा मागच्या दाराचा दिवा आता आतल्या बाजूस घेतला आहे. रानात सोडण्याचा विचार सासूबाईंनी स्वतःहून मागे घेतला, पण दोन नर तरी ठेवावेत अशी त्यांची इच्छा आहे, आणि पेडण्याच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे बाकीच्यांचे काम गावातील एका जाणत्या गृहस्थांकडे पुढच्या रविवारी करायचे ठरते आहे. हे दोन नर माद्यांशिवाय एकत्र ठेवावेत की प्रत्येकाला काही माद्या द्याव्यात?

उत्तर : सत्तरीचा_शेतकरी

दोघांनाच एकत्र ठेवू नये. दोन नरांत एकच दुबळा ठरतो आणि सगळा मार त्यालाच बसतो. त्यांना शेजारी-शेजारी दोन कप्प्यांत, एकमेकांना दिसणार नाहीत अशी फळी मधे घालून ठेवावे. माद्यांच्या डोक्यावर नवी पिसे नीट फुटेपर्यंत त्यांपैकी कोणालाही माद्या देऊ नयेत. त्यानंतर डिचोली किंवा साखळीकडच्या एखाद्या पाळणाऱ्याशी निदान एक नर बदलून घ्यावा आणि तो वेगळा ठेवण्याची मुदत संपली की त्याच्या कप्प्यात चार माद्या सोडाव्यात. डोळ्याजवळ जखम झालेली मादी मात्र पहिल्या खेपेस देऊ नये, ती इतर माद्यांबरोबर नराशिवायच राहू द्यावी.